डुंबरे साहेबांचा दुसरा कॅमेरा

निवृत्ती डुंबरे नावाचा माणूस निवृत्त होणार म्हटल्यावर निरोपसमारंभात कोणता विनोद होणार हे आम्हा सगळ्यांना आठवडाभर आधीच माहीत होतं. तीन भाषणं झाली आणि तिन्ही भाषणांत तो झाला. साहेब तिन्ही वेळा सारखंच हसले. नंतर आभार मानायला उठले तेव्हा म्हणाले, "अजून कोणी बोलायचं राहिलं असेल तर मी त्याचंही आत्ताच हसून घेतो." एवढं बोलून खाली बसले. कंपनीनं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा खोका उघडून त्यांनी तिथल्या तिथे आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून बघितली. दीड मिनिट मागे होतं.

भोसरी एमआयडीसीत गिअर आणि शाफ्ट बनवणारी आमची कंपनी. साहेबांनी तिथल्या इन्स्पेक्शन विभागात चौतीस वर्षं काढली. मी लातूरकडची. डिप्लोमा करून तिथं लागले तेव्हा त्या विभागातली पहिली मुलगी मीच होते आणि माझं काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. साहेबांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला आणि माझ्याच डोक्यावरचा एक केस मोजायला सांगितला. तीनदा मोजला. तिन्ही वेळा माप वेगळं आलं.

"केस तोच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग शिंदेबाई, तुमचा हात बदलतोय."

संध्याकाळपर्यंत मी तो केस मोजत होते. बाविसाव्या वर्षी कोणी 'बाई' म्हटलं की राग यायचा. त्यांनी मला शेवटपर्यंत शिंदेबाईच म्हटलं. माझं लग्न होऊन आडनाव बदललं तरीही.

साहेब मूळचे ओतूरकडचे. उंच, किंचित वाकलेले. चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला. पांढऱ्या अ‍ॅप्रनच्या वरच्या खिशात एक बारीक ब्रश आणि सहा इंची पट्टी. टेबलाच्या कडेला कोणाचा चहाचा कप दिसला की बोलता बोलता तो चार बोटं आत सरकवायचे, मग तो कप मॅनेजरचा का असेना. मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. राग आला की ते चष्मा पुसायचे. खूप आला की दोनदा पुसायचे.

त्यांची एकच गोष्ट मला कळायची नाही. वार्षिक सहलीला, दसऱ्याच्या पूजेला, कुणाच्या वाढदिवसाला ग्रुप फोटोची वेळ आली की साहेब सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळायला बाजूला उभे राहायचे. नव्या पोरांपैकी कोणी मोबाइल पुढे करून "साहेब, तुम्ही काढा ना" म्हटलं, तर तो मोबाइल ते शेजारच्याच्या हातात द्यायचे. "मला जमत नाही," एवढंच. मिलिमीटरचा हजारावा भाग पकडणाऱ्या माणसाला बटण दाबायला जमत नाही, हे आम्ही खरं मानलं होतं.

मला लागून वर्ष झालं असेल. एका दुपारी मी शाफ्टची एक बॅच पास केली आणि घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की सकाळी मायक्रोमीटर शून्यावर आणायला मी विसरले होते. रात्रभर झोप नाही. नोकरी गेली असंच धरून चालले होते. सकाळी साहेब यायच्या आधी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. माल गाडीत भरून रात्रीच गेला होता. साहेबांनी चष्मा पुसला, एकदाच. मग माझ्यासमोर ग्राहक कंपनीला फोन लावला आणि म्हणाले, काल आलेली बॅच उघडू नका, आमच्या विभागाची चूक आहे, मी स्वतः येऊन मोजतो. माझं नाव घेतलं नाही. मॅनेजर खवळले होते. आधी गुपचूप बघून घ्यायचं होतं, कदाचित माल बरोबरही निघाला असता, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणाले, "बिघडलेलं आजच्या आज सांगावं. उद्या सांगितलं तर दोन गोष्टी बिघडलेल्या असतात."

त्या बॅचमधले सात शाफ्ट परत आले. मला वाटलं, हा माणूस जन्मापासूनच असा सरळ असणार.

निवृत्तीनंतर वर्षभर त्यांचे हाल झाले. ते दिघीत आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहतात, त्यामुळे मला बातम्या कळायच्या. शैलावहिनी सांगायच्या की पोळ्यांचे व्यास मोजून झालेत, आता दुधाच्या पिशवीतलं दूध मापातून बघणं चाललंय. एकदा म्हणाल्या, "अगं, घरातली सगळी दारं त्यांनी करकर न वाजणारी करून ठेवलीत. आता हे कुठल्या खोलीत आहेत तेच कळत नाही." त्या हसत होत्या, पण त्यांना काळजी होती. साहेब दुपारी पडदा ओढून नुसते बसून असायचे.

त्यांची मुलगी विद्या नाशिकला असते. तिनं मला फोन केला. बाबांकडे पूर्वी कॅमेरा होता असं आजी सांगायची, त्यांना एक नवा घेऊन द्यायचाय, पण ते नको म्हणतात. तुम्ही नेलंत तर येतील. मी तोवर चाकणच्या एका प्लँटमध्ये नोकरी बदलून गेले होते, तरी त्यांच्यासाठी मी अजून शिकाऊच. मी साहेबांना सांगितलं की मलाच कॅमेरा घ्यायचाय, जरा बघून द्या. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शिंदेबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. चला."

चिंचवडच्या दुकानातला मुलगा हुशार होता. त्यानं मिररलेस कॅमेरा त्यांच्या हातात दिला. समजावलं की यात आरसा नसतो, डोळा लावला की आत छोटा पडदा असतो, फोटो जसा येणार तसा आधीच दिसतो. साहेबांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. दुकानातल्या गर्दीकडे, माझ्याकडे, दाराबाहेरच्या रिक्षांकडे बघत राहिले. "आधीच दिसतं," ते स्वतःशीच म्हणाले.

मुलानं विचारलं, काका, काय काढणार, पक्षी की लग्न? साहेबांनी उलट दोन प्रश्न विचारले. यात एकाच वेळी दोन कार्डं बसतात का? आणि आत कार्डच नसेल तर बटण दाबलं जातं का? मुलगा म्हणाला की पहिलं या मॉडेलमध्ये नाही, वरच्यात आहे. दुसरं म्हणाल तर हो, दाबलं जातं, पण सेटिंगमधून बंद करता येतं. साहेबांनी वरचं मॉडेल घेतलं. दोन्ही कार्डांवर एकेक फोटो एकदम उतरतोय हे तीनदा तपासलं. मग ते सेटिंग स्वतःसमोर बंद करून घेतलं, दोन्ही कार्डं काढली आणि बटण दाबून बघितलं. कॅमेरा गप्प राहिला. साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी शून्य रिजेक्शनच्या महिन्यातसुद्धा बघितलं नव्हतं. मुलानं मला डोळ्यानंच विचारलं, काय भानगड आहे? मला तरी कुठे माहीत होती.

पहिल्याच आठवड्यात त्यांना पकडलं. दिघीत लष्कराच्या हद्दीच्या भिंती आहेत, तिथं फोटो काढायला बंदी. साहेब सकाळी फिरायला निघाले आणि भिंतीजवळच्या रस्त्यावर कॅमेरा गळ्यात घालून उभे राहिले. पहारेकऱ्यानं आत नेलं, कॅमेऱ्यातले सगळे फोटो बघितले. एकशे चाळीस फोटो होते आणि त्यातले एकशे छत्तीस स्वयंपाकघरातल्या नळाचे होते. साहेब फोकस शिकत होते. उरलेल्या चारांत वहिनींचा हात आणि कोथिंबीर. पहारेकऱ्यानं चहा पाजला आणि सांगितलं, "अंकल, इधर मत आना. और नल ठीक करवा लो, टपक रहा है."

हा किस्सा साहेबांनी स्वतः सांगितला, आणि सांगताना ते खळखळून हसले. वहिनी आतून बाहेर येऊन दारात थांबल्या. त्यांनाही तो आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकू आला असावा.

नळानंतर माणसं सुरू झाली. डांगे चौकातल्या भाजीवाल्या, सोसायटीचा नांदेडचा वॉचमन, रविवारच्या बाजारातली गर्दी. साहेब आधी विचारायचे, मग उभं करायचे, "दोन मिलिमीटर डावीकडे" असं खरोखर सांगायचे आणि ती माणसं खरोखर तेवढीच सरकायची. नाव, पत्ता वहीत लिहून घ्यायचे. आठ दिवसांच्या आत फोटोची छापील प्रत त्या माणसाच्या हातात. मोबाइलवर पाठवून द्या म्हटलं तर नाही म्हणून मान हलवायचे. हातात पडल्याशिवाय फोटो काढला असं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. वॉचमननं आपला फोटो गावी पाठवला. तिथून त्याच्या आईचा निरोप आला की पोरगा वाळलाय. त्यावर साहेबांना इतकं वाईट वाटलं की वहिनींनी महिनाभर त्याला संध्याकाळचा डबा दिला.

मागच्या हिवाळ्यात साहेब माझ्याकडे आले. हातात एक पाकीट. गोविंद नावाच्या कंत्राटी कामगाराचा, त्याच्या बायकोचा आणि पाच महिन्यांच्या मुलीचा फोटो होता. परभणीकडचं जोडपं, रविवारच्या बाजारात भेटलेलं. साहेब म्हणाले, हे लोक कुरुळीला राहतात, तुमच्या कंपनीची बस त्याच रस्त्यानं जाते, जाता जाता द्याल का? मी पाकिटाच्या मागे बघितलं. त्यांच्या बारीक अक्षरात फोटो काढल्याची तारीख होती. तीन आठवडे उलटून गेले होते.

मी तारखेवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, एकदा आणि पुन्हा एकदा. मी काही चुकले की काय असं मला वाटलं, पण तो राग माझ्यावरचा नव्हता. पत्त्यावर लिहिलं होतं, संपत येळवंडे यांच्या खोल्या.

मग त्यांनी सांगितलं. पंचविशीत असताना त्यांच्याकडे एक जुना, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला कॅमेरा होता आणि त्याच्यावर जीव होता. संपत येळवंडे तेव्हा आमच्याच कंपनीत लेथवर होता. दोघं एका डब्यात जेवायचे. संपतच्या बहिणीचं, कमलचं लग्न कुरुळीत झालं. फोटोग्राफर ठरवू नका, मी काढतो, असं साहेब हट्टानं म्हणाले. दिवसभर छत्तीस फोटो काढले. कॅमेऱ्यावरचा आकडा पुढे सरकत होता, पण आत रिळाचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. रीळ जागचं हललं नाही. पिंपरीत धुवायला दिलं तर नुसती बदामी रंगाची लांब पट्टी परत आली. तिच्यावर काहीच नव्हतं.

"मला आठव्या दिवशी कळलं," साहेब म्हणाले. "मी संपतला सांगितलं, लॅबमध्ये गर्दी आहे. मग म्हटलं, मशीन बंद आहे. दोन महिने असंच. त्याचे वडील, दादा, रोज विचारायचे, फोटो आले का. त्यांनी आयुष्यात कधी फोटो काढून घेतला नव्हता. मुलीच्या लग्नातला तेवढा एक."

दोन महिन्यांनी वडील अचानक गेले. दहाव्याला लावायला घरात फोटो नव्हता. संपत रात्रपाळी करून थेट साहेबांच्या खोलीवर आला आणि म्हणाला, कसाही असू दे, एक फोटो काढून आण. तेव्हा साहेबांनी ती पट्टी त्याच्या हातात दिली. संपतनं ती उजेडाकडे धरून बघितली, खाली ठेवली आणि गेला. भांडला नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा झाला, सहा महिन्यांत त्यानं कंपनी सोडली. साहेबांनी कॅमेरा विकून टाकला.

मी पाकीट परत त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, साहेब, मी हे पोचवणार नाही. रविवारी गाडी घेऊन येते, तुम्हाला पोचवते.

रविवारी ते अकरा वाजता तयार होते. कॅमेरा घेतला नव्हता. वहिनींनी तो आणून माझ्या मागच्या सीटवर ठेवला.

कुरुळीत शेतं जाऊन खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्यात. येळवंड्यांच्या बारा खोल्या, समोर सिमेंटचं अंगण, दोऱ्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिफॉर्म वाळत घातलेले. गोविंद कामावर होता. त्याच्या बायकोनं पाकीट घेतलं, फोटो बघून आत पळाली आणि मुलीला घेऊन आली, जणू मुलीनंही तो बघायला हवा होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा माणूस बाहेर आला. साहेबांना बघून थांबला. ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

साहेब नमस्कार करायला विसरले. उभ्या उभ्याच म्हणाले, "संपत, मला आठव्या दिवशी कळलं होतं. लॅबवाल्याचा काही दोष नव्हता. मी दोन महिने तुझ्याशी खोटं बोललो."

संपतरावांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"रिळाचं काय न्हवतं रं," ते म्हणाले. "मशीन हाय, फसतंय. पर तू त्याच आठवड्यात सांगितलं असतंस, तर मी दादाला सायकलीवर बसवून चाकणला नेला असता. स्टुडिओत. एक फोटो निघाला असता. मला तेवढंच डाचलं."

"व्हय," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "ते मलाबी ठाऊक हाय. रोज ठाऊक हाय."

मी गाडीपाशी उभी होते. आता हे दोघं काय करणार, मला कळेना. संपतराव जमिनीकडे बघत होते. मग आतून कोणीतरी बारीक पण खणखणीत आवाजात विचारलं, कोण आलंय. संपतरावांची आई. नव्वदीच्या घरातली, हिरव्या काठाच्या लुगड्यात, भिंतीला धरून धरून उंबऱ्यापर्यंत आली. डोळ्यांवर हात धरून तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"निवृत्ती न्हवं का तू?" ती म्हणाली. "रीळ आलं का धुऊन?"

संपतराव आधी हसले. हसू आवरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. साहेब उंबऱ्यापाशी खाली बसले आणि म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली की टक्कल पडलं की रं तुला.

मागच्या सीटवरचा कॅमेरा मी आणून दिला. साहेब घ्यायला तयार नव्हते. संपतरावांनीच तो माझ्याकडून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यात रीळ कुठं घालत्यात?" साहेबांनी छोटं झाकण उघडून दोन कार्डं दाखवली. एक फसलं तर दुसरं, म्हणाले. संपतरावांनी त्या कार्डांकडे आणि मग साहेबांकडे बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं.

"आयचा काढ," ते म्हणाले. "तिचाबी एक न्हाई."

कमलताईंना फोन करून बोलावलं. त्या मोशीला असतात, रिक्षा करून अर्ध्या तासात आल्या. जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर मोठं कुंकू. साहेबांनी त्यांच्याशीही तेच बोलायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाल्या, लग्नातली मी लई रडवेली दिसत होते, बरं झालं न्हाई आले.

अंगणात खुर्ची ठेवली. मध्ये आई, दोन्ही बाजूंना मुलगा आणि मुलगी. खोल्यांमधले लोक बाहेर येऊन उभे राहिले. साहेबांनी दोन मिलिमीटर वगैरे काही सांगितलं नाही. डोळा लावला, श्वास धरला, बटण दाबलं. मग मागच्या पडद्यावर फोटो उघडून तो आधी म्हातारीला दाखवला. तिनं आपला चेहरा बघितला, शेजारच्या मुलांचे बघितले आणि मग फोटोतल्या मोकळ्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये हितं बसले असते."

तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, अजून एक काढ, ह्यात माझं तोंड वाकडं आलंय.

छापील प्रत दुसऱ्याच दिवशी पोचली. आठ दिवस लागले नाहीत.

त्यानंतर साहेबांचं कुरुळीला जाणं सुरू झालं. संपतरावांच्या बारा खोल्यांत बीड, परभणी, रत्नागिरी सगळीकडची माणसं. त्यातल्या बऱ्याच जणांचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा सोडून दुसरा धड फोटो नव्हता. प्लँटमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आणि खोलीवर आल्यावर फोटो काढावा असं अंगात काही उरत नाही. संपतरावांनी अंगणातली एक भिंत पांढरी रंगवून दिली. वहिनी सांगतात, रविवारी साहेब दुपारी तिकडेच जेवतात. भाकरीचा व्यास काही मोजत नाहीत.

परवा मी दुसऱ्या पाळीला निघाले होते. कुरुळी फाट्यापाशी आमची बस थांबली. पुढे रस्त्यात संपतराव उभे होते, दोन्ही हात वर करून. टेम्पो, ट्रक, आमची बस, सगळ्यांना त्यांनी अडवलं होतं. कडेला एका तरुणानं नवी मोटारसायकल उभी केली होती, हँडलला झेंडूचा हार, मागे नटून बसलेली बायको. आणि त्यांच्यासमोर डांबरी रस्त्यावर, पँटची पर्वा न करता, एक गुडघा टेकून डुंबरे साहेब. चष्मा पाठीमागे लोंबकळत होता.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. संपतराव ओरडले, "थांब की भावा, एकच काढायचाय."

साहेबांनी एक काढला, पडद्यावर बघितला, मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला. आमच्या बसमधले सगळे डाव्या खिडक्यांकडे सरकले होते. मागे कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, गाडी भारी येणार फोटोत. मी वळून बघितलं तर माझ्या मागच्या सीटवरचा फिटर केस नीट करत होता. पलीकडच्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. फोटो आमचा नव्हता, तरी मीही युनिफॉर्मची कॉलर सरळ केली आणि साहेबांचं होईपर्यंत हलले नाही.